ती जेवते कुठे?

घरात कुणी नवा माणूस राहायला येणार असेल तर आपण पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्या जेवणाचा. कॉलेजसाठी गावाकडून येणारा पुतण्या असो, वरच्या खोलीतला भाडेकरू असो, नाहीतर बदली होऊन आलेले नवे शाखाधिकारी असोत. "जेवणाची सोय काय?" हे कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. तो किती शिकला, किती कमावतो, हे सगळे नंतर. आधी तो खाणार कुठे? आपल्या ताटात, की बाहेरचा डबा लावणार?

मग एक्स्टर्नल हार्ड डिस्क नावाची बया घरात आणताना हा प्रश्न आपण का विचारत नाही, असा माझा समस्त सुशिक्षित मध्यमवर्गाला रोखठोक सवाल आहे. लग्नाचे फोटो, मुलांचे बारसे, वडिलांचा आवाज, घराचे खरेदीखत, एवढा सगळा ऐवज जिच्या हवाली करायचा, तिला आपण फक्त "तुझ्या पोटात किती मावते?" एवढेच विचारतो. ते पोट भरणार कोण, याची चौकशी नाही!

मी संगणकातला जाणकार नव्हे. मी बी.कॉम., सेकंड क्लास, आणि गेली बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या बाजूची बोलणी खाणारा बँकेतला कारकून. पण ज्याची ठेव बुडाली त्याच्याइतका ठेवींचा अभ्यास कुणाचाच नसतो. माझी बुडाली आहे. तेव्हा मला बोलू द्यावे.

तर या डिस्कांच्या दोन जाती. पहिली अडीच इंची. खिशातल्या डायरीएवढी. तिला एकच वायर. ती लॅपटॉपच्या यूएसबीच्या भोकात खुपसली की त्याच वायरीतून माहिती जाते-येते आणि त्याच वायरीतून तिला वीजही मिळते. म्हणजे ही घरच्याच ताटात जेवते. दुसरी साडेतीन इंची. चांगली जाडजूड, पोथीएवढी. तिची मोटर फिरवायला बारा व्होल्ट लागतात आणि यूएसबीच्या वायरीत असतात पाच. सबब तिचा डबा वेगळा. एक अडॅप्टर, त्याची एक वायर आणि त्याच्यासाठी भिंतीत एक सॉकेट.

२०२२ च्या दिवाळीत मी डिस्क घ्यायला बाजारात गेलो. आमचे खामगाव म्हणजे चांदीची पेठ. इथला माणूस चांदीची साधी वाटी घेताना ती तीनदा हातात तोलतो, घट विचारतो, मजुरी विचारतो, मोड केली तर काय भाव धरणार तेही विचारतो आणि शेवटी "घरी विचारून येतो" म्हणून निघून जातो. तोच माणूस डिस्क घ्यायला गेला की एकच प्रश्न विचारतो, "किती टीबी?" मीही तोच विचारला.

दुकानदार म्हणाला, "साहेब, ही बारकी दोन टीबीची. अन् थोडेसे पैसे वर टाकले तं ही मोठी, चार टीबी. काहून बारकी घेता?"

या 'काहून'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कॉमर्सच्या माणसाला दर नगी खर्च कमी करून दाखवला की तो उन्हातल्या लोण्यासारखा विरघळतो. मी विरघळलो. घरी खोके उघडले तेव्हा आतून डिस्कपाठोपाठ तो काळा अडॅप्टर निघाला. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, हिला वेगळा प्लग लागतो?"

"मोठ्या वस्तूला लागतोच," मी म्हणालो.

पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ या वाक्यात आहे. पण मोठेपणाचा हा मोह माणसाला जुना आहे. १९५६ साली आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क काढली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि मावत होती पन्नास लाख अक्षरे. म्हणजे आजच्या मोबाइलमधला एखाददुसरा फोटो. पण तिच्याकडे बघायला माणसे नेमलेली असत, तिच्या विजेची तजवीज आधी करून मग तिला जागेवर बसवत. आता तिची पणती आपल्या टेबलावर येऊन बसली. तिच्या विजेची तजवीज कोण करणार? आपण तर टीबी मोजतो आहोत!

आता थोडा हिशेब. यूएसबी ही सोय १९९६ साली आली. प्रत्येक भोकाला विजेची मर्यादा ठरलेली असते, जशी कॅश क्रेडिटला असते. यूएसबी २.० च्या भोकाची मर्यादा पाचशे मिलिअँपिअर, म्हणजे पाच व्होल्टांवर अडीच वॉट. २००८ मध्ये यूएसबी ३.० आले, तिथे मर्यादा नऊशे, म्हणजे साडेचार वॉट. अडीच इंची डिस्क एकदा फिरू लागली की एवढ्यात भागवते. पण थांबलेली तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्यांपर्यंत न्यायची म्हणजे सुरुवातीचे काही क्षण तिला एक अँपिअरच्या आसपास उचल लागते. धंदा सुरू करताना भांडवल जास्त लागते, तसेच हे. भोक सधन असले तर उचल मिळते. दरिद्री असले तर मिळत नाही आणि मग डिस्क फिरायचा प्रयत्न करून टिक् टिक् करत थांबते. लोक म्हणतात डिस्क बिघडली. पुष्कळदा ती बिघडलेली नसते, उपाशी असते! तिला आखूड आणि चांगली वायर द्यावी, थेट लॅपटॉपच्या भोकात लावावी. एका भोकाची चार भोके करणारा जो हब मिळतो, त्याला स्वतःची वीज नसेल तर त्याच्यावर लावू नये. एकाच्या ताटात चौघे बसवले तर चौघेही उपाशीच उठणार.

अडॅप्टरवाल्या डिस्कला असली चिंता नाही. बारा व्होल्ट, दीड अँपिअर, म्हणजे अठरा वॉटपर्यंत तिची ऐपत. पण ही सगळी श्रीमंती भिंतीच्या भरवशावर. आणि आमच्याकडे भिंतीचा भरवसा म्हणजे काय हे वऱ्हाडात राहिल्याशिवाय कळायचे नाही. इथे वीज जात नाही, 'लाइन' जाते. शेगावहून अकोल्याकडे निघालेल्या गाडीतून पारसच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. आम्ही त्या पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो आणि घरी येऊन मेणबत्ती शोधतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन होते, तेव्हा लाइन जाण्याला निदान वेळापत्रक तरी होते. लोक त्यावर दळण, पाणी आणि जावयाचे येणे बेतत. पुढे तसले भारनियमन गेले, पण त्याच्याबरोबर वेळापत्रकही गेले. आता वारा सुटला की लाइन जाते आणि वारा पडला की येते, येताना दोनदा डोळे मिचकावते. हा कुणाचा दोष नव्हे, मे महिन्यातल्या वळवाला कुणी अर्ज देऊन थांबवू शकत नाही. पण ज्याला हे ठाऊक आहे त्याने डिस्क घेताना ते विसरावे हा मात्र गुन्हा आहे, आणि तो मी केला.

२२ एप्रिल २०२३. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती, ईद होती आणि चौथा शनिवारही होता. तीन सुट्ट्या एका दिवसात जिरल्या. बँकेतल्या माणसाच्या दृष्टीने हा दिवस तसा अपशकुनीच. सकाळी आईच्या नावाची घागर भरली, पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाला, दुपारची झोप झाली. उठल्यावर वाटले, आईचेच एक काम करावे.

आई २०१८ मध्ये गेली. त्याच्या दोन वर्षे आधी, भुलाबाईच्या दिवसांत, मी तिला समोर बसवून तिच्याकडून गाणी म्हणवून घेतली होती. आमच्याकडे आणि खानदेशात भादवी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी दारोदार भुलाबाईची गाणी म्हणतात. आईला एकतीस येत होती. ती तूर निवडता निवडता म्हणत गेली आणि मी मोबाइल धरून बसलो. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, भाजीवाल्याची आरोळी आहे, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी तिचा एकच प्रश्न आहे, "निघालं का रे?" तिच्या लेखी मोबाइलमधून आवाज विहिरीतल्या पाण्यासारखा काढावा लागत होता.

ही एकतीस गाणी माझ्या लॅपटॉपमध्ये होती. लॅपटॉप भरत आला होता म्हणून मी ती नव्या डिस्कवर हलवायला घेतली. लक्षात घ्या, 'कॉपी' नाही केली, 'कट' केली. एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात. बाहेर वारा सुटला होता. त्याच वेळी आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शेतात, घटमांडणी चालली असेल. अठरा धान्ये गोल मांडतात, मध्ये पाण्याची घागर, तिच्यावर पापड, करंजी, कुरडई, आणि रात्रभर ते सगळे उघड्यावर सोडून सकाळी त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. त्या भाकितावर कुणी विश्वास ठेवावा न ठेवावा, पण त्या मांडणीला अडॅप्टर लागत नाही हे मान्य करावेच लागेल.

माझ्या मांडणीला लागत होता. लाइन गेली. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर टुकटुकीत जिवंत होता. अंधारात त्याचा पडदा उजळ दिसत होता. आणि त्याच्या शेजारी ती चार टीबीची थोरली डिस्क, दीर्घ उसासा टाकावा तशी, फिरता फिरता थांबली. लाइन दोनदा येऊन दोनदा गेली. तिसऱ्यांदा टिकली तेव्हा पडद्यावर एक नम्र चौकशी आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

मी पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो संगणकातलाच आहे. तो पलीकडून ओरडला, "मामा, काहीही दाबू नका!"

नंतर त्याने मला जे समजावले ते मला बँकेच्या भाषेतच कळले. लाइन गेली म्हणून तबकडीवर ओरखडा पडत नाही. ती फिरतच असते आणि त्या फिरण्याच्या जोरावर वाचणारा काटा बाजूला नेऊन ठेवण्याची सोय डिस्कमध्ये असते. घोटाळा होतो तो वहीत. कोणती फाइल कुठे आहे याची जी खतावणी डिस्क ठेवते, ती लिहिता लिहिता अर्धी राहते. शिवाय काही मजकूर तबकडीवर उतरण्याआधी डिस्कच्या तात्पुरत्या स्मरणात असतो, तो विजेबरोबर जातो. डिस्क आखण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. एनटीएफएस पद्धतीत खतावणीत फेरफार करण्याआधी तो रोजकीर्दीत नोंदवतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी खतावणी पुन्हा जुळवता येते. एक्सफॅट पद्धतीत अशी रोजकीर्द नसते. माझी डिस्क एक्सफॅट होती. मी आयुष्यभर रोजकीर्द आणि खतावणी यांच्यावर जगलो आणि आईची गाणी ठेवली ती रोजकीर्द नसलेल्या वहीत!

आणि या सगळ्यात सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की लॅपटॉप सबंध वेळ चालू होता. डिस्क त्याच्या ताटात जेवत असती तर तिला लाइन गेल्याचे कळलेही नसते.

भाचा पुढच्या आठवड्यात डिस्क घेऊन गेला. भुलाबाईच्या खेळात शेवटी खाऊचा डबा हलवून, वाजवून, आत काय आहे ते ओळखायचे असते. त्याने पंधरा दिवस तेच केले. एकतीसपैकी सत्तावीस गाणी निघाली, पण त्यांची नावे गेली होती, नुसते आकडे. तीन गाणी मुळीच नाहीत. आणि एका फाइलमध्ये गाणे नाही, फक्त शेवटचे चार-पाच सेकंद आहेत. कुकरची शिट्टी आणि "निघालं का रे?"

आता माझ्याशी वाद घालणाऱ्यांकडे वळतो, कारण ही हकीकत ज्याला ज्याला सांगितली त्याने मला उपाय सांगितला.

शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "घरी इन्व्हर्टर आहे ना तुमच्या?" आहे. पण लाइन गेल्यापासून इन्व्हर्टर हातात घेईपर्यंत जो डोळ्यांचे पाते लवण्याइतका वेळ जातो, तो पंख्याला कळत नाही. डिस्कला कळू शकतो.

भाचा म्हणाला, "मामा, यूपीएस घ्या." घेतो. म्हणजे डिस्क, तिचा अडॅप्टर, अडॅप्टरसाठी यूपीएस आणि यूपीएसच्या बॅटरीसाठी दर काही वर्षांनी पुन्हा दुकान. एका पाहुण्याच्या जेवणासाठी आचारी, वाढपी आणि मंडप! ज्याच्याकडे टेबलावरचा संगणक आहे त्याने यूपीएस जरूर घ्यावा, त्याला दुसरा इलाजच नाही. त्याचा संगणकच भिंतीवर जेवतो, मग त्याच्या ताटातली छोटी डिस्कही त्याच्याबरोबर उपाशी मरणार. पण लॅपटॉपवाल्याच्या मांडीवर यूपीएस आयताच आहे, त्याचे पैसे त्याने आधीच भरले आहेत.

मेहुणे म्हणाले, "भावजी, क्लाउडवर टाका." कपाशी लावणाऱ्या मुलखात ढगांवर भरवसा ठेवा म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या धाडसाचे कौतुक करावे तेवढे थोडे. ठेवावे, एक प्रत ठेवावी. पण वऱ्हाडातल्या माणसाने एकट्या ढगावर पेरणी करू नये.

कॅश काउंटरवरचे आमचे सहकारी म्हणाले, "एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारे काही नसतेच." बरोबर आहे. तिला मोटर नाही, पडली तरी सहसा दुखावत नाही, तीही लॅपटॉपच्याच ताटात जेवते. टाइप-सीचे भोक चांगले असेल तर ते पंधरा वॉटपर्यंत देऊ शकते, तिथे तिची चंगळ होते. पण तिला वर्षानुवर्षे कपाटात उपाशी ठेवू नये. तिच्यातली अक्षरे विजेच्या भारावर टिकलेली असतात, मधूनमधून घास दिला पाहिजे.

आणि साडेतीन इंची डिस्क वाईट असे माझे म्हणणे नाही. ती वेगाने फिरते, टीबीमागे स्वस्त पडते. फोटो स्टुडिओवाल्याकडे यूपीएस आहे, टेबल आहे, डिस्क एका जागी बसलेली आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. फक्त तिच्या अडॅप्टरवर तिचे नाव लिहावे. आमच्या ड्रॉवरमध्ये नऊ अडॅप्टर आहेत. पुष्कळांची गोल पिन सारखी, व्होल्ट मात्र नऊ, बारा, एकोणीस असे ज्याचे त्याचे. चुकीचा डबा लागला तर ही पाहुणी आजारी पडत नाही, थेट जाते. माझे भांडण आहे ते तुमच्या-माझ्यासारख्या घरगुती माणसाशी. ज्याच्याकडे एक लॅपटॉप, एक पलंग आणि भिंतीत एकच मोकळे सॉकेट, तेही मोबाइलने अडवलेले, त्याने दोन टीबी जास्त मिळतात म्हणून भिंतीवर जेवणारी डिस्क घेऊ नये. त्या जादा दोन टीबीत तो ठेवणार काय? सकाळी आलेली गुलाबाची फुले आणि सुविचार!

दुसरे भांडण माझे माझ्याशीच आहे. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहा, म्हणजे एक चुकला तर दुसरा सांगेल. यावर आमची सगळी बँक उभी आहे. कुणाचे दहा रुपये इकडचे तिकडे झाले तर मी रात्री नऊपर्यंत बसतो. आणि आई मात्र मी एकेरी नोंदीत ठेवली होती. पाचोलीची नोंद काही दोन प्रती ठेवण्याची नव्हे, हे मला कळते. पण तिच्यातली अक्कल तीच आहे.

एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर मी एकतीस गाण्यांची सुरुवातीची शब्दयादी लिहून ठेवली होती, ती सापडली. सत्तावीस गाणी ऐकून ऐकून यादीत खुणा केल्या. चार उरली. मलकापूरच्या ताईकडे गेलो. ती आधी म्हणाली, "मला नाही रे आठवत," आणि मग तूर निवडायला घेतल्यावर एकामागून एक तीन म्हणाली. चौथ्याची तिला फक्त चाल आठवते. ती तिने गुणगुणून दिली, तीही घेतली. म्हणून झाल्यावर ताईनेही विचारले, "निघालं का रे?"

आता माझ्याकडे दोन डिस्का आहेत, दोन्ही अडीच इंची, दोन्ही एनटीएफएस. एक खामगावला आमच्या कपाटात आणि एक मलकापूरला ताईकडे, तिच्या लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर. काम झाले की 'काढू का?' असे लॅपटॉपला विचारून, त्याने हो म्हटल्यावरच मी वायर काढतो. जेवणाऱ्याला ताटावरून ओढून उठवू नये.

दुसरी डिस्क घ्यायला मी त्याच दुकानात गेलो होतो. दुकानदाराने मला ओळखले. "साहेब, आता किती टीबीची दाखवू?"

मी म्हटले, "टीबी राहू द्या. आधी सांगा, ही जेवते कुठे?"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दुपारचा एक वाजला होता. "सायेब," तो काळजीने म्हणाला, "तुमचं जेवन व्हायचं आहे का?"